अंगठी घेताना माझा सल्ला घेतलेली माणसं

हे जे सांगतो आहे ते असंच्या असं घडलं होतं का, याची मला खात्री नाही. परवा दामूभाऊ म्हणाला की गवताच्या काडीचा किस्सा दिवाळीनंतरचा. मला तो ऐन पावसाळ्यातला आठवतो. शिवाय आठवण सांगताना मी स्वतःला थोडा बरा दाखवतो की उगाच जास्त वाईट, हेही आताशा कळत नाही. बायको असती तर तिनं लगेच सांगितलं असतं.

जव्हारच्या बाजारात विनायकशेठचं सराफीचं दुकान आहे. दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक लाकडी बाक आहे आणि त्यावर गिऱ्हाइकांपेक्षा आम्हीच जास्त बसतो. आम्ही म्हणजे मी आणि दामूभाऊ. दामूभाऊ एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाला, मी कॉलेजातून फिजिक्सचा प्राध्यापक म्हणून. मी पीएच.डी. आहे. हे सांगायला नको होतं, पण पुढच्या सगळ्याला तेच कारण आहे.

सराफाच्या बाकावर बसणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. कपाटावर धूळ बसते तसे ते बसत जातात, आणि कधीतरी बोट फिरवलं की कळतं केवढे झालेत! त्यातले बरेचसे साखरपुड्याच्या अंगठीचे. पाड्यांवर पूर्वी सोयरीक पक्की करायला अंगठी लागत नसे. आता लागते. मोबाईलवर फोटो टाकायचा तर बोट मोकळं कसं दाखवणार?

तर अंगठी रेडिमेड घ्यावी की जुनी, खरी कशी ओळखावी, असं लोक विनायकशेठला विचारायचे आणि उत्तर मी द्यायचो. त्यातली एक अंगठी काशिनाथची. तिच्यापायी त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, आणि ती तपासली होती मी. बाकीचे किस्से मी हसत सांगतो. तो एक सांगायचा धीर व्हावा म्हणूनच बाकीचे सांगतो, असंही असेल.

*

आधी गवताच्या काडीचा.

आमच्याकडे साखरपुड्याआधी मुलगी अंगठी घ्यायला दुकानात येत नाही. तिच्या बोटाचं माप येतं. कोणीतरी तिच्या बोटाला दोरा बांधतं, गाठ मारतं आणि तो दोरा पुडीत घालून मुलाकडच्यांना देतं.

पोशेऱ्याचे रावजी भाच्यासाठी चौकशी करायला आले होते. विनायकशेठनं नेहमीप्रमाणे सांगितलं, दोऱ्याचं माप आणा. मला राहवलं नाही. मी म्हणालो, दोरा ताणला जातो, त्यात हवा दमट, माप मोठं यायचं. त्यापेक्षा गवताची हिरवी काडी बोटाभोवती वळवा आणि गाठ मारा. काडी ताणली जात नाही. विनायकशेठ माझ्याकडे बघत राहिला, पण माझ्या शिक्षणाचा मान राखून काही बोलला नाही.

रावजींनी अगदी मी सांगितलं तसं केलं. मुलीच्या मावशीनं काडी वळवून दिली. रावजी ती खिशात घालून शेतावर गेले, मग पाऊस लागला, मग बस बंद होती. आठ-दहा दिवसांनी आले. विनायकशेठनं ती काडी मापाच्या दांडीवर चढवली, तिथे जी बसली ती रेडिमेड अंगठी काढून दिली.

साखरपुड्यात अंगठी बोटाच्या मधल्या पेरावर अडकली. साबण झाला, खोबरेल झालं. शेवटी ती करंगळीत घालून फोटो काढले.

नंतर रावजी अंगठी बदलायला आले तेव्हा चिडलेले नव्हते. बाकावर माझ्या शेजारी बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सर, काडी ताणली नाय, हे खरा हाय. आखडली."

हिरवं गवत वाळतं आणि वाळलं की आखडतं, हे पोशेऱ्याच्या माणसानं मला सांगावं! दामूभाऊनं तेवढ्यात विचारलंच, "प्रोफेसर, डॉक्टरेट ओल्या गवतावर केली होती की वाळलेल्या?"

*

दुसरा किस्सा एका जोडप्याचा.

दोघंही भिवंडीकडे बांधकामाच्या साइटवर कामाला. गावाला आली होती, दुसऱ्या दिवशी साखरपुडा. मुलीकडचं कोणीही अडवणारं नसल्यामुळे ती स्वतः दुकानात आली होती. हे अपूर्वच. तिनं पाच मिनिटांत एक नाजूक, छोट्या खड्याची अंगठी निवडली, बोटात घातली आणि आरशात अंगठीऐवजी स्वतःकडेच बघत बसली.

मी भिंग मागितलं.

अंगठीच्या आतल्या बाजूला हॉलमार्क आहे का बघावं, हे मी सांगितलं. चूक नव्हतं. तो त्रिकोण, ९१६ आकडा, सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. खड्याचं वजन सोन्यात धरू देऊ नका, हेही सांगितलं. विनायकशेठ कधी धरत नाही, तरी सांगितलं. मग बिलावर कॅरेट लिहून घ्या. मग उद्या माप सैल-घट्ट झालं तर बदलून मिळेल का ते विचारा. प्रत्येक वेळी ती अंगठी मुलीच्या बोटातून काढायला लावली. मला वाटतं तीन वेळा. दामूभाऊ म्हणतो चार.

चौथ्या की तिसऱ्या वेळी तो मुलगा शांतपणे म्हणाला, "बाबा, मेरे को अंगठी घ्यायची हाय. आधार कार्ड नाय."

बाहेर त्यांची मोखाड्याची बस सुटून गेल्याचा आवाज आला तो दामूभाऊनं ओळखला. तोच मग रस्त्यावर हात पसरून उभा राहिला आणि एक जीप थांबवून दोघांना तिच्यात बसवलं. हा किस्सा सांगताना लोक इथे हसतात. मीही हसतो. पण जीपमध्ये चढताना त्या मुलीच्या बोटात अंगठी नव्हती. तिनं ती डबीत ठेवून, रबर लावून, डबी पिशवीत टाकली होती. येताना तिचा चेहरा जसा होता तसा जाताना नव्हता. सगळे सल्ले बरोबर होते.

*

काशिनाथ माझा विद्यार्थी. मोखाड्याजवळच्या पाड्यावरचा. बी.एस्सी. झाला आणि आश्रमशाळेत विज्ञानाचा शिक्षक लागला. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत 'सर, पण असं का?' असं विचारणारी जी तीन-चार मुलं भेटली त्यातला एक. पोशेऱ्याच्या मंदाशी त्याचं ठरलं. मंदा अंगणवाडीत सेविका होती. तिचे वडील लहानू. मोजकं बोलणारा माणूस.

काशिनाथनं मला विचारलं, अंगठी नवी घेऊ की जुनी? मी म्हणालो, जुनी मिळाली तर जुनीच घे. नव्या रेडिमेड अंगठीत मजुरी जाते ती परत येत नाही, आणि जुनं काम जास्त सुबक असतं. हेही चूक नव्हतं.

मोखाड्यात एक रिटायर्ड शिक्षिका होत्या. त्या मुलाकडे नाशिकला कायमच्या निघाल्या होत्या आणि घरातल्या काही वस्तू विकत होत्या. त्यांच्या सासूबाईंची एक अंगठी होती. चांगली जाड, वर बारीक वेल कोरलेली. ती काशिनाथनं घेतली. विनायकशेठला दाखवून घे, असं मी त्याला सांगितलं होतं का? सांगितलं असावं. नसेलही.

साखरपुड्याला मी गेलो होतो. अंगठी मंदाच्या बोटात जणू तिथेच घडवल्यासारखी बसली. मंदा जेवण वाढतानाही तो हात जरा पुढेच धरत होती. बायका चेष्टा करत होत्या की वरण डाव्या हातानं कशाला वाढतेस गं.

आठवड्याभरानं लहानू जव्हारला आला. गावातल्या एका बाईनं अंगठी हातात घेऊन म्हटलं होतं की एवढी जाड दिसते आणि वजन कसं लागत नाही? एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं आणि घरापर्यंत आलं. विनायकशेठ त्या दिवशी माल आणायला नाशिकला गेला होता. दुकान बंद. मी सवयीनं बाहेरच्या पायरीवर बसलो होतो.

लहानू म्हणाला, "सायेब, तुमी शिकलेले. माझे पोरीच्या बोटातला हे खरा हाय का खोटा, तेवढा सांगा."

विनायकशेठ दुसऱ्या दिवशी येणार होता. उद्या ये, एवढंच मला म्हणायचं होतं. पण तो मजुरी बुडवून आला होता, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांत कोणी मला असं विचारलं नव्हतं.

मी त्याला घरी नेलं. माझ्याकडे लॅबमधला एक जुना तराजू आहे, अजून अचूक. अंगठी आधी हवेत तोलली, मग दोऱ्यानं पाण्यात सोडून तोलली. दोन्ही वजनांतल्या फरकावरून डेन्सिटी काढता येते. तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा वस्तू किती पट जड आहे, ते त्यातून कळतं. बावीस कॅरेट सोनं सतरा-साडेसतरा पट यायला हवं. साडेआठ आलं. पितळेचं नेमकं तेवढंच येतं. मी तीनदा केलं. तीनही वेळा साडेआठ. लहानू पापणी न लववता बघत होता.

मी म्हणालो, "पितळ आहे. वर सोन्याचा मुलामा असेल."

त्यानं अंगठी तंबाखूच्या पिशवीत ठेवली. काशिनाथची यात चूक नसेल, त्यालाच कोणी फसवलं असेल, असं मी म्हणालो. म्हणालो असेन. तो उठला आणि दारात थांबून एवढंच बोलला, "सोना नसता तरी पोर दिली असती, सायेब. खोटा नको होता."

सोयरीक मोडली. अंगठी काशिनाथकडे परत गेली.

चार दिवसांनी काशिनाथ माझ्याकडे आला. मी त्याची वाट बघत होतो आणि येऊ नये असंही वाटत होतं. तो भांडायला आला नव्हता. त्यानं विचारलं, "सर, प्रयोग तुम्ही स्वतः केला?"

"हो."

"किती आलं?"

"साडेआठ. तीनदा."

तो जरा वेळ मनाशी हिशेब करत बसला. मग म्हणाला, "म्हणजे पितळच." आणि माझ्या पाया पडून गेला. त्या बाई तोवर नाशिकला गेल्या होत्या. त्यांनाही कोणीतरी फसवलं असेल, म्हणाला, म्हातारपणी त्यांना कशाला विचारायचं? इतका माझ्यावर विश्वास! दुसरीकडे कुठे दाखवावी, असं ना त्याला वाटलं ना लहानूला. सरांनी सांगितलं म्हणजे झालं.

विनायकशेठला मी सगळं सांगितलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, "कसाला लावली होती का?" म्हणजे काळ्या दगडावर घासून, त्या रेघेवर ॲसिड टाकून बघितलं होतं का. मी म्हणालो, त्याची गरज नव्हती. तो म्हणाला, पाठवा एकदा त्याला, घासून बघू.

मी निरोप दिला नाही. विसरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. विसरलो नव्हतो. तो अंगठी नाही, मला घासून बघणार आहे, असं मला वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मंदाचं लग्न त्र्यंबककडच्या एका घरात झालं. बातमी दामूभाऊनं आणली. त्या दिवशी त्यानं एकही चेष्टा केली नाही.

*

यानंतर मी अंगठ्यांवर बोलणं सोडलं. त्याचाही एक किस्सा झाला.

पुण्याचे एक गृहस्थ फिरायला आले होते. जुन्या संस्थानाचं गाव म्हणून जव्हारबद्दल त्यांना फार कौतुक. त्यांनी मुलाच्या साखरपुड्यासाठी कुठल्याशा प्रदर्शनातून 'अँटिक' अंगठी घेतली होती. दीडशे वर्षांपूर्वीची, संस्थानी काळातली, असं सांगून दिलेली. फक्त पॉलिश करून हवी होती. विनायकशेठनं ती भिंगाखाली धरली, बघितली आणि भिंगासकट माझ्या हातात दिली.

अंगठीच्या आत बारीक अक्षरांत हॉलमार्कचा सहा अक्षरी नंबर होता. हा नंबर यायला लागून दीडशे वर्षं नाही, दीडशे आठवडेही झाले नव्हते.

गृहस्थांनी विचारलं, "काय, अस्सल आहे ना?"

मी अंगठी परत दिली आणि म्हणालो, "सुंदर आहे."

ते गेल्यावर दामूभाऊ म्हणाला, "आपले राजे लईच पुढचे होते म्हणायचे." विनायकशेठ पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, निदान सोनं तरी खरं होतं." त्याला मला धीर द्यायचा होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या गृहस्थांना जुन्याची किंमत घेऊन नवं दिलं गेलं होतं, आणि अंगठी अजून त्यांच्या खिशात होती. परत करता आली असती. मला ते सांगता येत होतं. नुसतं वाचता येणारा कोणीही माणूस सांगू शकला असता.

*

शेवटचा किस्सा गेल्या हिवाळ्यातला. तो मी अजून बाकावर कोणाला सांगितलेला नाही. सांगायची गरजही नाही, दोघंही तिथेच होते.

काशिनाथ दुकानात आला. कानाजवळचे केस पांढरे झालेले. लग्न त्यानं केलं नाही. मला बघून त्याला मनापासून आनंद झाला. "सर, इथंच आहात, बरं झालं," म्हणाला आणि वहीच्या कागदात गुंडाळलेली अंगठी काउंटरवर ठेवली. तीच. चेपलेली, एका बाजूनं चिरलेली.

विनायकशेठला तो म्हणाला की जरा डाक लावून सांधून द्या, पितळेलाही लावता ना? वर्गात एका मुलीच्या हातून पडली आणि बाकाच्या पायाखाली आली. दरवर्षी लागते. मग माझ्याकडे वळून सांगायला लागला. नववीच्या मुलांना तो ही अंगठी आधी नुसती दाखवतो आणि विचारतो, सोन्याची की पितळेची? सगळी मुलं सोन्याची म्हणतात. मग तो ती पाण्यात तोलून दाखवतो. साडेआठ येतं.

"डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मोजून बघा, हे मला आमच्या सरांनी शिकवलं, असं मी दरवर्षी सांगतो त्यांना," काशिनाथ म्हणाला.

विनायकशेठनं अंगठी उचलली. चिरेतून काळपट काहीतरी त्याच्या तळहातावर सांडलं. त्यानं ते बोटानं चुरडून वास घेतला. मग काळा दगड पुढे ओढला, अंगठी त्यावर घासली आणि रेघेवर ॲसिडचा थेंब टाकला. रेघ होती तशीच पिवळी राहिली. त्यानं दुसऱ्या बाजूनं घासून पुन्हा टाकला. पुन्हा तसंच. मग बराच वेळ तो दगडच पुसत बसला.

"मास्तर," तो काशिनाथला म्हणाला, माझ्याकडे न बघता, "हे पितळ नाही."

काशिनाथ हसला. "शेठ, साडेआठ येतं."

"येणारच. जुन्या कारागिरांचं काम आहे. वर सोन्याचा पत्रा, आत लाख भरलेली. पत्रा चेपू नये म्हणून भरायचे. लाख हलकी. पाण्यात तोललीत तर लाखेसकट तोलली जाणार."

दामूभाऊ उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

काशिनाथनं अंगठी हातात घेतली. चिरेत डोकावून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो वर्गात शंका विचारताना बघायचा तसाच बघत होता.

"मग सर," तो म्हणाला, "या वर्षी मुलांना काय सांगू?"

अंगठी काउंटरवर तशीच ठेवून तो बस पकडायला गेला.

महिन्याभरानं मी ती नाशिकला घेऊन गेलो. आतली लाख पूर्ण काढून घेतली आणि नुसता पत्रा मशीनवर दोनदा तपासून घेतला. बावीस कॅरेट आहे.